नगरवार्तेतील लुप्त कर्ता

दैनिकांच्या जिल्हा-आवृत्त्यांतून व तालुक्याच्या साप्ताहिकांतून येणाऱ्या नगरपरिषदविषयक वार्तांचे परीक्षण होते ते बहुधा नीतीच्या अंगाने. वार्ताहर निःपक्षपाती आहे काय, जाहिरातदाराचा त्याच्यावर दाब आहे काय, हे प्रश्न अवास्तव नव्हेत. तालुक्याचा वार्ताहर पुष्कळदा जाहिराती मिळविण्याचेही काम करतो, आणि निविदा-सूचना देणारी नगरपरिषद ही त्या जाहिरातदारांपैकीच एक असते. तथापि या वार्तांचा दोष हेतूइतकाच वाक्यरचनेतही शोधावयास हवा.

‘पाणीपट्टीत वाढ करण्यात आली’, ‘ठेक्यास मुदतवाढ देण्यात आली’ ही या लेखनाची ठराविक वाक्ये होत. धातूस ‘-ण्यात’ लावून पुढे ‘येणे’ योजिले म्हणजे वाक्यास कर्त्याची आकांक्षा उरत नाही. (शास्त्रीय निबंधांतही या रचनेचा सुकाळच आहे, पण तेथे कोणाची पाणीपट्टी वाढत नाही.) ‘नगरपरिषदेकडून’ असे पद कोणी घातलेच, तरी त्याने संस्था कळते, माणूस कळत नाही. ही रचना सभेच्या इतिवृत्तातून वृत्तपत्रात उतरली, असे म्हणून वार्ताहरास दोषमुक्त करण्याचा मोह होतो. परंतु इतिवृत्तात ठरावाबरोबर सूचक व अनुमोदक यांची नावे नोंदलेली असतात. वार्तेत इतिवृत्ताची शैली तेवढी राहते, नावे गळतात. आणि ‘गळतात’ हे क्रियापदही येथे सौम्यच होय.

कारण हाच वार्ताहर अन्यत्र नावांविषयी कृपण नसतो. उद्घाटनाच्या वृत्तात ‘यावेळी’ या शब्दापुढे मान्यवरांची नावे ओळीने येतात. निधनवार्तेत ‘पश्चात’ या शब्दापुढे मुलगे, सुना, नातवंडे यांची नाती चोख दिलेली असतात. या दोन प्रकारांची सुशिक्षित वर्गात होणारी टवाळी अन्यायाची आहे. लहान शहराचे समाजजीवन त्यांत जितके नेमके टिपलेले असते तितके अग्रलेखात क्वचितच आढळेल. छापलेल्या नावाचे मोल लेखक-वाचक दोघेही जाणतात. म्हणूनच निर्णयाच्या वार्तेतील त्याचा अभाव केवळ अनवधानाचा मानणे कठीण आहे.

नागरिकाची व्याकरणातील अवस्था तर याहून चमत्कारिक. ‘नागरिकांतून संताप व्यक्त होत आहे’ या वाक्यात पंचमीमुळे नागरिक हा संतापाचा कर्ता न राहता, घागरीतून पाणी पाझरावे तसा संताप जेथून पाझरतो ते स्थान ठरतो. कोणत्या प्रभागातील किती लोकांनी कोणास अर्ज दिला, हे सांगण्याची जबाबदारी ‘-तून’ या दोन अक्षरांनी टळते.

या शैलीची खरी कसोटी अलीकडे लागली. १९६५ च्या अधिनियमान्वये चालणाऱ्या महाराष्ट्रातील अनेक नगरपरिषदांची मुदत २०२१ च्या अखेरीस व २०२२ मध्ये संपली, आणि डिसेंबर २०२५ मधील निवडणुकांपर्यंत कारभार प्रशासकांकडे राहिला. अनेक ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक होते. सभा नाही, सूचक नाही, विरोधात बोलणारा सदस्य नाही; मंजुरी एका अधिकाऱ्याच्या सहीने. एवढे स्थित्यंतर घडूनही ‘मुदतवाढ देण्यात आली’ या वाक्यात एक अक्षर बदलण्याची गरज पडली नाही. सभागृहाच्या काळातील व प्रशासकाच्या काळातील अशी दोन वाक्ये अभ्यासकाने शेजारी ठेवली, तर निर्णय निवडून आलेल्या सदस्यांचा कोणता आणि अधिकाऱ्याचा कोणता, हे त्याला वरच्या तारखेवरूनच ओळखावे लागेल.