माँतेस्क्यू कुठे गेला? एका बनावट पुस्तकाचं वाचन

आजच्या विषयाचं नाव 'भीती आणि अपप्रचार' असं जाहीर झालंय. हा विषय एवढा मोठा आहे, की नुसती उदाहरणं मोजत बसलो तरी तास संपेल, आणि तुम्ही 'फार वाईट चाललंय बुवा' एवढंच म्हणत घरी जाल. म्हणून मी तसं करणार नाही. मी साहित्य शिकवणारा माणूस आहे, पुस्तक वाचणं एवढंच मला येतं. तेव्हा एक पुस्तक घेतो. वाङ्मय म्हणून ते अगदी सुमार आहे, रटाळ आहे. पण त्याच्या पानांतून जेवढं रक्त सांडलं, तेवढं फार थोड्या पुस्तकांच्या नावावर असेल.

पुस्तकाचं नाव 'द प्रोटोकॉल्स ऑफ द एल्डर्स ऑफ झायन'. मराठीत 'झायनच्या वडीलधाऱ्यांची इतिवृत्तं' म्हणूया. दावा असा, की ज्यू पुढाऱ्यांची एक गुप्त बैठक झाली, तीत सगळं जग ताब्यात कसं घ्यायचं हे ठरलं, आणि ही त्या बैठकीतली भाषणं आहेत. एकूण २४ प्रकरणं. अशी बैठक कधी झालीच नाही.

पुस्तकाकडे जाण्याआधी एका मुलाची गोष्ट सांगावी लागेल. १९०३चा फेब्रुवारी. तेव्हाच्या रशियन साम्राज्यात किशिनेव्ह नावाचं शहर होतं, आज ते मोल्दोव्हाची राजधानी आहे. त्याच्या जवळच्या दुबोसारी गावात एका ख्रिस्ती मुलाचं प्रेत सापडलं. खून नात्यातल्याच माणसाने केला होता, हे पुढे निघालं. पण किशिनेव्हमधल्या 'बेसाराबेत्स' या वर्तमानपत्राने जुनी, मध्ययुगापासून युरोपात फिरणारी एक वावडी पुन्हा पेटवली: ज्यू लोक आपल्या सणाच्या भाकरीसाठी ख्रिस्ती मुलांचं रक्त काढतात. एप्रिलमध्ये ईस्टर आला आणि दंगल झाली. ४९ ज्यू मारले गेले, शेकडो जखमी झाले, घरं-दुकानं लुटली गेली. वर्तमानपत्राच्या संपादकाचं नाव पावेल क्रुशेवान. याच क्रुशेवानचं सेंट पीटर्सबर्गला 'झ्नाम्या' नावाचं दुसरं पत्र होतं. त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेरीला, म्हणजे दंगलीला पाच महिनेही झाले नव्हते, त्या पत्रात 'प्रोटोकॉल्स' पहिल्यांदा क्रमशः छापून आलं.

हा क्रम लक्षात घ्या. आधी मूल, मग कटाचं पुस्तक. लोक एकदम जागतिक कारस्थानाला घाबरत नाहीत हो. कुणाला वेळ आहे? लोक आपल्या पोराच्या जिवाला घाबरतात. ती भीती खरी असते, आणि खरं सांगायचं तर चांगलीही असते. आईबापाला ती नसेल तर काहीतरी बिघडलंय म्हणायचं. अपप्रचार करणारा त्या चांगल्या भीतीला फक्त पत्ता पुरवतो.

आता मजकुराकडे येऊ. १८६४ साली मोरीस जोली नावाच्या पॅरिसच्या वकिलाने एक पुस्तक लिहिलं. तिसऱ्या नेपोलियनची राजवट होती, उघड टीका करण्याची सोय नव्हती. म्हणून जोलीने नरकात दोन मेलेल्या माणसांची गाठ घालून दिली. एक मॅकियाव्हेली, दुसरा माँतेस्क्यू. मॅकियाव्हेली सांगतो की लोकशाहीची चौकट न मोडताही सत्ता कशी गिळता येते, वर्तमानपत्रं कशी मुठीत ठेवता येतात, विरोधक कसे पोसून ठेवता येतात. माँतेस्क्यू कायद्याच्या राज्याची बाजू मांडतो, हरकती घेतो, हादरतो, पुन्हा विचारतो. मॅकियाव्हेलीच्या तोंडून खरं तर सम्राटच बोलतोय, हे फ्रेंच वाचकाला लगेच कळत होतं. पुस्तक ब्रसेल्सला निनावी छापलं, चोरून फ्रान्समध्ये आणलं गेलं. जोली सापडला आणि तुरुंगात गेला. या सगळ्या पुस्तकात ज्यूंचा संबंध नाही.

'प्रोटोकॉल्स' लिहिणाऱ्याने हे पुस्तक समोर ठेवून उतरवलं. थोडंथोडकं नाही, परिच्छेदच्या परिच्छेद. याचा माझा आवडता पुरावा सांगतो. जोलीचा मॅकियाव्हेली एके ठिकाणी म्हणतो, की माझ्या ताब्यातल्या वर्तमानपत्रांना विष्णूसारखे शंभर हात असतील. आता आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही माहीत आहे, की विष्णू चतुर्भुज. शंभर हात कुठून आणले, जोलीलाच ठाऊक. पॅरिसमध्ये बसून कुठेतरी अर्धवट ऐकलं असेल. (हशा) पण गंमत पुढे आहे. 'प्रोटोकॉल्स'मध्येही वर्तमानपत्रांना विष्णूचे हात आहेत आणि ते शेकड्यानेच मोजलेत! परीक्षेत कॉपी करणारा पोरगा शेजाऱ्याची चूकसुद्धा जशीच्या तशी उतरवतो, आणि तिथेच पकडला जातो. तसं हे आहे.

पण चोरी पकडून मी इथे थांबत नाही. वाङ्मयचौर्य तर अनेक करतात. समीक्षक म्हणून मला विचारायचंय ते वेगळं: उतरवताना त्याने काय बदललं? बोलणारा बदलला, हे उघड आहे. सम्राटाच्या जागी ज्यू पुढारी आले. त्याहून मोठा बदल मात्र असा, की माँतेस्क्यू गेला. मूळ पुस्तक म्हणजे संवाद. दोघं बोलतात, एक दुसऱ्याला अडवतो. नव्या पुस्तकात अडवणारं कुणी नाही. एकच आवाज, 'आम्ही असं करू, आम्ही तसं करू', चोवीस प्रकरणं सलग. जोलीचा वाचक दोन आवाजांच्या मध्ये बसलेला होता, त्याला विचार करावाच लागे. 'प्रोटोकॉल्स'चा वाचक दाराला कान लावून उभा आहे. शत्रू आत बोलतोय आणि आपण चोरून ऐकतोय. चोरून ऐकलेलं माणसाला नेहमी जास्त खरं वाटतं. आपल्या घराघरांतली निम्मी भांडणं यावरच उभी आहेत.

या 'आम्ही'ची आणखी एक खुबी पाहा. वडीलधारे म्हणतात खरं, पण एकाचंही नाव नाही. बैठक कुठे झाली, कोणत्या साली, किती जण होते, काही नाही. नवशिका लेखक असता तर त्याने तपशील भरले असते. इथे तपशील नाहीत म्हणूनच पुस्तक कुठेही बसतं. रशियात क्रांती झाली, ती त्यांनीच केली. जर्मनी युद्ध हरला, त्यांच्यामुळेच. बँक बुडाली, तेच. राजधान्यांखाली भुयारी रेल्वे खोदल्या जातायत त्या शहरं उडवून देण्यासाठी, असंही एक वाक्य त्यात आहे. १९०० साली पॅरिसला मेट्रो सुरू झाली होती, लोकांना जमिनीखाली जायची नवी नवी धास्ती होती. घेतली ती धास्ती आणि टाकली पुस्तकात.

पुढचा इतिहास थोडक्यात. रशियन क्रांतीनंतर पळालेल्या लोकांबरोबर पुस्तक पश्चिमेला आलं. १९२० साली लंडनला इंग्रजीत निघालं, आणि मे महिन्यात 'द टाइम्स'सारख्या पत्राने गंभीरपणे विचारलं, की यात तथ्य असेल का, चौकशी व्हायला हवी. त्याच वर्षी अमेरिकेत मोटारीवाल्या हेन्री फोर्डने आपल्या 'डिअरबॉर्न इंडिपेंडंट' या साप्ताहिकात याच मजकुराच्या आधारे लेखमाला सुरू केली. गाड्या विकणाऱ्या त्याच्या एजंटांना ते साप्ताहिकही खपवावं लागे. हे मी मुद्दाम सांगतोय. अशा गोष्टींवर अडाणी माणसं विश्वास ठेवतात, असं आपण फार सहज म्हणतो. लंडनचा संपादक अडाणी नव्हता. फोर्ड तर त्याच्या काळातल्या यंत्रयुगाचा देव होता.

मग ऑगस्ट १९२१. 'टाइम्स'चा कॉन्स्टँटिनोपलचा बातमीदार फिलिप ग्रेव्हज. त्याला एका रशियन निर्वासिताने एक जुनं फ्रेंच पुस्तक आणून दिलं, मुखपृष्ठ गायब असलेलं. ग्रेव्हजने दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली, उतारे लावून दाखवले, आणि तीन दिवस ते छापून आलं. लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये पूर्ण प्रत मिळाली, जोलीचं नाव कळलं. म्हणजे आजच्या भाषेत फॅक्ट-चेक झालं, आणि तेही ज्या पत्राने आधी शंका पेरली होती त्याच पत्रात. याहून स्वच्छ खंडन मला माहीत नाही. फोर्डनेही १९२७ साली माफी मागितली. १९३५ साली बर्नच्या न्यायालयाने पुस्तक बनावट ठरवलं. अपिलात १९३७ साली निकाल फिरला, तो लावलेला कायदा इथे बसत नाही एवढ्याच कारणावर. पुस्तक खरं आहे असं कुणी म्हटलं नाही.

आणि तरी पुस्तक मेलं नाही. हिटलरने 'माइन काम्फ'मध्ये काय युक्तिवाद केला, ते माझ्या शब्दांत सांगतो. एक उदारमतवादी वर्तमानपत्र हे पुस्तक खोटं आहे म्हणून सारखं आक्रंदतंय, म्हणजेच ते खरं असलं पाहिजे. बघा, पुस्तकातच लिहून ठेवलंय की वर्तमानपत्रं 'त्यांच्या' ताब्यात आहेत. मग वर्तमानपत्राने केलेलं खंडन काय सिद्ध करणार? ताबा असल्याचंच ना? ग्रेव्हजने पानाला पान लावून दाखवलं, त्याच्यासाठी दार आधीच बंद करून ठेवलं होतं. माँतेस्क्यूला पुस्तकातून काढलं एवढ्यावर भागत नाही. पुढे जो कुणी माँतेस्क्यू होऊ पाहील, त्यालाही कटातला ठरवण्याची सोय त्या मजकुरातच आहे. माझ्या मते या पुस्तकाची खरी कारागिरी इथे आहे. आणि खेदाने म्हणतो, ती कारागिरीच आहे.

आता इतक्या लांबून घरी येतो, कारण क्रम तोच आहे. २०१८च्या उन्हाळ्यात आपल्याकडे मोबाइलवर फिरलेली चित्रफीत तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. गल्लीत मुलं खेळतायत, मोटारसायकलवर दोघं येतात, एका मुलाला उचलतात आणि निघून जातात. ही मुळात कराचीतल्या 'रोशनी हेल्पलाइन' या संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली छोटी फिल्म. मूळ फिल्ममध्ये ते दोघं परत येतात, मुलाला खाली सोडतात, आणि कॅमेऱ्यापुढे फलक धरतात: मूल पळवायला क्षणभर पुरतो, अशा अर्थाचा. आपल्याकडे जी फिरली, तिला हा शेवट नव्हता. कुणीतरी कापला. त्यात एकही खोटं चित्र घातलेलं नाही. फक्त परत येणारी मोटारसायकल काढली, आणि सावध करणारी फिल्म पुरावा झाली. सोबतचे निरोप, 'आपल्या भागात मुलं पळवणारी टोळी आली आहे.' 'आपल्या भागात' हे दोन शब्द पाहा. ज्याच्या फोनवर जातील, त्याचा भाग. नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. फरक एवढाच, की 'प्रोटोकॉल्स'मध्ये शत्रूचा आवाज होता, इथे आवाज आपल्या मावशीचा आहे, भावाचा आहे. काळजीचा आवाज आहे. म्हणून तो अडवणं जास्त अवघड.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा मार्ग. मुलं पळवणारे म्हणून जमावाने त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं, आणि तिथे पाचही जणांना मारून टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी असं आपण म्हणतो. इथे चोरही नव्हता.

नंतर काय झालं? निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात आणली. पुढे पाठवलेल्या निरोपावर तसा शिक्का दिसू लागला. वर्तमानपत्रांत जाहिराती आल्या. वाईट नाही, मी नाकारत नाही. पण या सगळ्या उपायांनी वेग कमी होतो. कापलेला शेवट त्यांनी परत जोडला जात नाही.

आणि शेवट जोडायला जाणाऱ्याचं काय होतं, तेही त्याच आठवड्यात दिसलं होतं. राईनपाड्याच्या तीन दिवस आधी, २८ जूनला, त्रिपुरात. तिथे सरकारच्या माहिती व सांस्कृतिक खात्याने एका माणसाला गाडीवर भोंगा लावून गावोगाव पाठवलं होतं. काम एकच. मुलं पळवण्याच्या अफवा खोट्या आहेत, विश्वास ठेवू नका, असं सांगत फिरायचं. जमावाने त्यालाच मुलं पळवणारा ठरवलं आणि ठार मारलं.

मी त्याचं नाव घेत नाही, घरच्यांनी पुरेसं सोसलंय. पण त्याच्या गाडीवरचा भोंगा मला 'प्रोटोकॉल्स' वाचताना सारखा आठवतो. परगावचा माणूस, अनोळखी गाडी, हातात माइक, आणि 'घाबरू नका' असं सांगतोय. ज्यांच्या डोक्यात एकच आवाज शिल्लक ठेवलेला आहे, त्यांना यातून काय ऐकू आलं असेल, याचा विचार आपण, म्हणजे भाषा शिकवणाऱ्या आणि भाषेवर जगणाऱ्या लोकांनी, फारसा केलेला नाही. खोटं काय ते सांगितलं की आपलं काम झालं, असं आपण धरून चाललोय. ग्रेव्हजनेही कदाचित तेच धरलं असेल.

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या रांगेतल्या ताईंनी मघाशी हात वर केला होता, त्यांच्यापासून सुरुवात करूया.