वनस्पतींचें ‘आक्रमण’ : एका ग्रंथाच्या निमित्तानें

ऑक्सफर्डचे प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांचा ‘दि इकॉलॉजी ऑफ इन्व्हेजन्स बाय ॲनिमल्स अँड प्लँट्स’ हा ग्रंथ १९५८ सालीं प्रसिद्ध झाला. मूळ रेडिओवरील व्याख्यानांतून तो सिद्ध झाला असल्यामुळें त्याची भाषा सुबोध आहे. शास्त्रीय विषय सामान्य वाचकांपुढें कसा मांडावा, हें ज्यांस शिकावयाचें असेल त्यांनीं तो अवश्य वाचावा. तथापि आमचा आक्षेप आहे तो याच भाषेच्या एका अंगावर.

ग्रंथाच्या आरंभींच बाँब, स्फोट व युद्ध यांची परिभाषा येते. परदेशांतून आलेल्या वनस्पति व प्राणी म्हणजे जणू चाल करून आलेलें सैन्यच! महायुद्धांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या वाचकांस हें रूपक चटकन् पटलें असेल, यांत नवल नाहीं. परंतु सैन्य हेतु धरून येतें; वनस्पतीस ना हेतु, ना पाय. समुद्र ओलांडावयास तिला बहुधा माणसाचेंच जहाज लागतें.

उत्तर अमेरिकेंतील पाणथळ जागांचें उदाहरण घ्या. ‘पर्पल लूजस्ट्राइफ’ ही जांभळ्या तुऱ्यांची युरोपीय वनस्पति एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं जहाजांत वजनासाठीं भरलेल्या मातीबरोबर तेथें पोंचली, आणि फुलांच्या शोभेस्तव लोकांनीं ती बागांतहि लावली. तिचें एक मोठें झाड वर्षाकाठीं वीस लाखांहून अधिक बिया टाकूं शकतें. तिच्या दाटीपुढें तेथील मूळचीं गवतें मागें हटतात व पाणपक्ष्यांचा आसरा जातो. तेथील रानांत माजलेला ‘बकथॉर्न’ तर कुंपणासाठीं मुद्दाम आणलेला.

आमच्याकडील कथाहि निराळी नाहीं. घाणेरी बागेच्या शोभेकरितां आली; आज तिच्या जाळीखालीं रानांतील रोपट्यांस वाढणें कठीण झालें आहे. गाजरगवत १९५५ च्या सुमारास पुण्यांत ठळकपणें दिसूं लागलें. तें परदेशी धान्याबरोबर आलें असा समज आहे. जलपर्णी नद्या व तलाव झांकून टाकते म्हणून आपण तिला शिव्या देतों. पण तिला पोसणारें सांडपाणी त्यांत कोण सोडतो?

‘आक्रमण’ म्हटलें कीं दोष शत्रूच्या माथीं जातो व आपण निर्दोष ठरतों. शिवाय ‘परका तो वैरी’ असा खोटा निष्कर्षहि निघतो. मिरची, बटाटा, पेरू हीं सारीं परदेशींचींच. तरी तीं घरचीं झालीं. परीक्षा व्हावयाची ती जन्मस्थानावरून नव्हे, वर्तनावरून.

एल्टन यांस न्याय द्यावयाचा, तर ग्रंथाचा शेवटचा भाग विसरून चालणार नाहीं. शेतांचीं जिवंत कुंपणें व रस्त्यांच्या कडेचे हिरवे पट्टे राखून सृष्टीची विविधता जपा, असें ते तेथें कळकळीनें सांगतात. कारण विविधता जेथें अधिक, तेथें आगंतुकास थारा कमी. या मतास पुढील अभ्यासकांनीं मर्यादा घातल्या असल्या, तरी त्यांतील उपदेश मोलाचा आहे. आरंभींच्या रणवाद्यांत तो बुडून जातो, हीच या ग्रंथाची खरी उणीव. म्हणून वाचकांनीं शेवटचें प्रकरण आधीं वाचावें, असें आम्ही सुचवितों. मग शोभेचें नवें रोप विकत घेतांना, तें कुंपणापलीकडे काय करील, हा प्रश्न आपोआप सुचेल.