अँझॅक-दिनाची दोन गीते

राष्ट्रीय स्मृतिदिनाचा विधी शासन ठरवीत असले, तरी त्या दिवसाचा अर्थ ठरविण्यात गीतांचा वाटा मोठा असतो. ऑस्ट्रेलियातील अँझॅक-दिन हे याचे ठळक उदाहरण होय. २५ एप्रिल १९१५ रोजी ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांचे सैन्य तुर्कस्तानातील गॅलिपोली द्वीपकल्पावर उतरले. सुमारे आठ महिन्यांनी माघार घेईपर्यंत ८,०००हून अधिक ऑस्ट्रेलियन सैनिक कामी आले होते. १९१६ पासून हा दिवस पाळला जातो. पहाटेचा मेळावा, बिगुलावरील ‘लास्ट पोस्ट’, त्यानंतरची स्तब्धता आणि माजी सैनिकांचे संचलन हे त्याचे प्रमुख घटक होत. या विधिसंगीतात शोक आहे. प्रश्न मात्र नाही. तो विचारला लोकगायकांनी.

एरिक बोगल हे मूळचे स्कॉटिश. १९६९ मध्ये ते ऑस्ट्रेलियात आले. त्यांनी १९७१ मध्ये ‘अँड द बँड प्लेड वॉल्ट्झिंग माटिल्डा’ हे गीत रचले. त्या वेळी व्हिएतनामचे युद्ध चालू होते. म्हणून गीताचा विषय गॅलिपोली असला, तरी त्याचा रोख समकालीन आहे. गीताचा निवेदक पाठीवर वळकटी घेऊन मुलूखभर हिंडणारा तरुण आहे. तो युद्धावर जातो, दोन्ही पाय गमावून परततो आणि म्हातारपणी ओसरीवर बसून संचलन पाहतो.

गीताचे खरे सामर्थ्य त्याच्या ध्रुपदात आहे. जहाज बंदर सोडते तेव्हा, मृतांना मूठमाती देताना आणि पंगू सैनिकांना धक्क्यावर उतरवताना बँड तेच सूर वाजवीत राहतो. चाल बदलत नाही, अर्थ मात्र प्रत्येक वेळी पालटतो. प्रथम जयघोष असतो. अखेरीस जमाव तोंड फिरवतो. शिवाय ‘वॉल्ट्झिंग माटिल्डा’ याचा मूळ अर्थच वळकटी घेऊन पायी भटकणे असा आहे. पाय गेलेल्या निवेदकाने नेमके तेच गमावले आहे. ज्या सुरांनी त्याला निरोप दिला, त्यांचा अर्थ जगणे त्याला यापुढे अशक्य आहे. बँजो पॅटरसन यांच्या १८९५ मधील मूळ रचनेतील भटक्या शिपायांच्या हाती लागण्यापेक्षा पाण्यात उडी घेतो आणि पुढे त्याचे भूत ऐकू येते. बोगल आपले गीत त्याच भुताच्या आवाजात मिटवतात. लोकप्रिय गीतात दडलेला सत्तेचा बळी अशा रीतीने पुन्हा समोर येतो.

इतिहासाच्या दृष्टीने गीत निर्दोष नाही. १९१५ मध्ये ऑस्ट्रेलियन सैनिकांना पोलादी शिरस्त्राणे मिळालेली नव्हती, आणि सुव्ला येथील ऑगस्टमधील चढाई प्रामुख्याने ब्रिटिश सैन्याची होती. या चुकांनी गीताच्या करुणरसास बाध येत नाही; तथापि असंख्य श्रोत्यांची गॅलिपोलीविषयीची कल्पना अशाच गीतांतून घडते, म्हणून त्या क्षुल्लकही म्हणता येत नाहीत. जे गीतांत नाही तेही स्मृतीतून गळते. २१ व २६ क्रमांकांच्या भारतीय पर्वतीय तोफखान्यांनी अँझॅक सैन्यास त्याच टेकड्यांवर साथ दिली होती. या गीतात त्यांना स्थान नाही.

दुसरे गीत रेडगम या वृंदाचे, जॉन शूमन यांनी रचलेले ‘आय वॉज ओन्ली नाइन्टीन’. १९८३ मध्ये ते ऑस्ट्रेलियात लोकप्रियतेच्या अग्रस्थानी पोचले. सुमारे ६०,००० ऑस्ट्रेलियन व्हिएतनामयुद्धात गेले आणि ५००हून अधिक मृत्युमुखी पडले. परंतु परतलेल्यांना अँझॅक-परंपरेत सहज जागा मिळाली नाही. येथे निवेदक श्रोत्यांशी बोलत नाही, डॉक्टरशी बोलतो. झोप का येत नाही आणि अंगावर उठणारे चट्टे कशाचे, हे त्याचे प्रश्न आहेत. वीरविशेषणांच्या जागी छावण्यांची व गावांची नावे आणि बराकीतील बोली येते. जुन्या आख्यायिकांनी चिखल आणि रक्त यांचा उल्लेख टाळला, हा आरोपही गीतातच आहे. त्याच वर्षी युद्धात वापरलेल्या रसायनांच्या परिणामांविषयी शाही आयोग नेमला गेला. १९८७ मध्ये सिडनी येथे या सैनिकांचे स्वागत-संचलन झाले. हे सारे गीतामुळे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु उपेक्षितांच्या व्यथेस सार्वजनिक भाषा त्याने दिली, हे निर्विवाद होय.

बोगल यांच्या निवेदकास वाटते की एके दिवशी संचलनाला कोणीच उरणार नाही. गॅलिपोलीचा अखेरचा सैनिक २००२ मध्ये निवर्तला. परंतु स्मृतिदिन ओसरला नाही, उलट त्यापूर्वीच तरुणांची गर्दी वाढू लागली होती. विस्मरणाचे भाकीत करणारे गीतच स्मरणाचे साधन झाले आणि अँझॅक-दिनाच्या निमित्ताने गायिले जाऊ लागले. यात गीताचा विजय आहे, तसाच धोकाही आहे. विधी करुणेला सहज सामावून घेतो, ‘हे कशासाठी?’ या तरुणांच्या प्रश्नाला मात्र तो तितक्या सहजपणे सामावून घेत नाही. श्रोत्यांनी अश्रू ढाळावेत आणि प्रश्न विसरावा, तर गीत पुन्हा त्या धक्क्यावरील बँडसारखेच होईल. म्हणून या गीतांचे मूल्य ती किती गायिली जातात यावर नव्हे, तर गायन संपल्यावर तो प्रश्न शिल्लक राहतो की नाही यावर ठरेल.