घाणेरी, पोटखराबा आणि ‘ऋतुचक्र’

दुर्गाबाई भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली प्रसिद्ध झाले. आपला बेळगाव-निपाणी परिसर म्हैसूर राज्यात गेला तेच हे वर्ष. निसर्गलेखन म्हटले की घनदाट अरण्य डोळ्यांपुढे येते. दुर्गाबाईंनी मात्र घराभोवतीची झाडे, पाखरे, वाटेवरची झुडपे पाहिली. आमच्या मते या पुस्तकाचे खरे सामर्थ्य त्यातील अलंकृत भाषेत नसून, लहानशा जागेचा तुच्छभाव न बाळगणाऱ्या दृष्टीत आहे.

चैत्रावरील लेखात त्या घाणेरीच्या फुलांचे कौतुक करतात आणि तिच्या नावातील तिरस्कार त्यांना खटकतो. हे आम्हांस विशेष भावते. महसुली कागदपत्रांत आम्ही वर्षानुवर्षे ‘पोटखराबा’ हा शब्द वाचला, लिहिला. पीक न येणारा खडक, ओढाकाठ, झुडपी तुकडा, सारे त्या एका शब्दात जमा! तेथे काय जगते, हा प्रश्न त्या रकान्याने कधी विचारला नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हीही विचारला नाही.

तथापि येथेच ‘ऋतुचक्रा’ची मर्यादाही जाणवते. घाणेरी मूळची अमेरिका खंडातील. ती फोफावली की स्थानिक झुडपांना व गवतांना जागा उरत नाही. सौंदर्यदृष्टी तिला न्याय देते, परंतु तिच्याखाली काय दडपले गेले ते सांगत नाही. कोण कोणावर जगते, हा हिशेब रसिकतेच्या पलीकडचा आहे.

आपल्याच जिल्ह्यातील दाखला घ्यावा. खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळ बारापेडे गुहा आहे. तेथील वटवाघळाच्या एका जातीचे वर्णन ओल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ साली केले व तिला रॉटन या वनाधिकाऱ्याचे नाव दिले. त्यानंतर ऐंशीहून अधिक वर्षे ही जात जगात अन्यत्र कोठे आढळल्याची नोंद नव्हती; पुढे ती मेघालयात व कंबोडियात सापडली. म्हणजे एवढा काळ एका जातीचा सारा ज्ञात संसार एका गुहेत सामावलेला होता. अशी गुहा कोणत्या रकान्यात लिहावी?

निपाणीकडील तंबाखूच्या शेतांचे बांध आणि बेळगावभोवतीचे माळ अजून मराठी लेखकाची वाट पाहत आहेत. त्याने दुर्गाबाईंची माया घ्यावी, तिला अभ्यासकाच्या नोंदवहीची जोड द्यावी. माळावर प्लॉट पडल्यानंतर लिहिलेला लेख कितीही सुंदर झाला, तरी तो मृत्युलेखच ठरेल.