वजन उतरविण्याचे वाङ्मय

माणूस बारीक झाला हे सांगायला मराठीत शब्दांची वाण नाही. तो वाळतो, रोडावतो, हडकतो, खंगतो, झडतो, सुकतो. त्याची तब्येत उतरते. पण यांतला एकही शब्द आनंदाचा नाही. प्रत्येकाच्या मागे ताप आहे, चिंता आहे, नाहीतर उपासमार आहे. उलट जाड होण्याचे शब्द पाहावेत : मूल बाळसे धरते, मुलगी अंगाने भरते, माणसाची तब्येत सुधारते. आमच्या कापड्याच्या बाजूला गणपतीत मुंबईचा चाकरमानी घरी आला, की म्हातारी त्याच्या गालांवरून हात फिरवून पहिले वाक्य बोलते ते, "किती वाळलास रे!" हेच. ज्या भाषेने दुष्काळ पाहिले, ज्या डोंगराने नाचणी-वरीवर पिढ्या काढल्या, तिथे बारीक होणे ही कोणाची इच्छा असू शकेल हे भाषेला सुचलेच नाही. म्हणून ही इच्छा जेव्हा आपल्याकडे आली, तेव्हा ती आपला शब्द बरोबर घेऊनच आली : 'वेट लॉस'.

या दोन शब्दांच्या भोवती गेल्या पंधरा-वीस वर्षांत मराठीत ग्रंथांचा ढीग उभा राहिला आहे. एस. टी. स्टँडवरच्या स्टॉलवर तो दिसतो आणि शिक्षकांच्या खोलीतही हातोहात फिरतो. टीकाकार त्याकडे वळत नाहीत. ते वाङ्मय नव्हे असे आपण धरून चालतो. मला हे पटत नाही. कादंबरी फसली तर वाचकाची एक संध्याकाळ फुकट जाते. हे पुस्तक वाचक हातात पेन्सिल घेऊन वाचतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्याप्रमाणे जगू लागतो. ज्या ग्रंथाची आज्ञा वाचक इतकी पाळतो, त्याची चिकित्सा कादंबरीपेक्षा अधिक कसून व्हावयास हवी.

या वाङ्मयप्रकाराचा आद्य ग्रंथ १८६३ सालचा. लंडनच्या विल्यम बँटिंग नावाच्या गृहस्थाने आपल्या लठ्ठपणावर एक छोटी पुस्तिका काढली. तो वैद्य नव्हता. प्रतिष्ठितांच्या अंत्ययात्रांची व्यवस्था पाहणे हा त्याचा धंदा होता. पाव, साखर, बटाटे, बिअर सोडून आपण कसे हलके झालो हे त्याने सांगितले, आणि ती पुस्तिका इतकी खपली की इंग्रजीत त्याच्या नावाचे क्रियापदच झाले. तेव्हा पडलेला साचा आजही मोडलेला नाही. मी असा होतो. मी हे केले. आता मी असा आहे. तीन अंकी नाटक, आणि तिसऱ्या अंकाअखेर पडदा.

आपल्याकडे या नाटकाचा सर्वांत गाजलेला प्रयोग डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचा. त्याचे मूळ नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या एका व्याख्यानात आहे. अनेक पदव्या मिळविलेला हा राजकारणी २००४ साली मोटार अपघातात गेला. त्याचे भाषण मात्र ध्वनिफितीतून आणि पुढे मोबाइलवरून महाराष्ट्रभर फिरत राहिले. वैद्यकाचे प्राध्यापक असलेल्या दीक्षितांनी तो विचार उचलून शिस्तीत मांडला. कडकडीत भूक लागण्याच्या दोन वेळा ओळखाव्यात, दिवसातून दोनदाच जेवावे, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवावे, मध्ये काही खाऊ नये, आणि रोज पाऊण तास चालावे. २०१८-१९च्या सुमारास मराठी घरांत दोन पक्ष पडले होते. एकीकडे दीक्षित, दुसरीकडे दर दोन तासांनी थोडे खा असे सांगणाऱ्या, आणि भात-तुपाची भीती घालविणाऱ्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर. लग्नाच्या पंगतीतही त्यावर हमरीतुमरी होई. फडके-खांडेकरांच्या वादालाही मराठी वाचक इतक्या पोटतिडकीने धावला असेल असे वाटत नाही!

दोन्ही पक्षांतील गुण आधी मान्य केले पाहिजेत. दिवेकरांनी शहरी मध्यमवर्गाला त्याच्या आजीच्या स्वयंपाकघराची लाज वाटेनाशी केली, हे लहान काम नव्हे. दीक्षितांनी आपला उपदेश फुकट वाटला. पावडरी विकल्या नाहीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी सुरुवातीलाच रक्त तपासायला सांगितले : उपाशीपोटीचे इन्शुलिन आणि तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखविणारी एचबीएवनसी ही चाचणी. म्हणजे ध्येय नुसत्या काट्यावर न ठेवता ते रक्तात शोधले. शिवाय दोन जेवणे हा नियम इतका सोपा, की निरक्षर माणसालाही तो पाठ व्हावा. लेखनकलेच्या दृष्टीनेही हा मोठाच गुण आहे.

माझा आक्षेप आहे तो पुस्तकाच्या नावातल्या एका शब्दाला : 'विनासायास'. आयुष्यभर दोनच वेळा जेवणे, हातावर आलेला प्रसाद परत करणे, पाहुण्याच्या घरचा चहा साखरेविना मागणे, आणि कामावरून आल्यावर पाऊण तास चालणे याला जर आयास म्हणायचे नाही, तर आयास म्हणायचे तरी कशाला? वाचकाला धीर देण्यासाठी हा शब्द घातला असेल. परंतु तो पुढे वाचकावरच उलटतो. जे विनासायास आहे तेही ज्याला साधले नाही, त्याने तोंड कोठे दाखवावे?

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो पुस्तकातून नव्हे. माझा एक जुना विद्यार्थी मुंबईत गाडी चालवितो. एका गणपतीत तो गावी आला तो बऱ्यापैकी हलका होऊन. ब्याण्णव किलोंचा एक्क्याऐंशी झाला होता, तेही तीन महिन्यांत. त्याने मला पुस्तक दाखविले, पट्ट्याला पाडलेली नवी भोके दाखविली. शिमग्याला मात्र पालखीच्या गर्दीत तो मला टाळीत होता. शेवटी मीच गाठला. पट्टा जुन्या भोकावर आला होता. मध्यंतरी त्याची पाळी रात्रीची झाली होती. भूक कोणत्या दोन वेळांना लागते हे पोटालाच कळेनासे झाले होते. मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, "गुरुजी, पुस्तक बरोबर आहे. मीच नापास झालो."

शाळेत हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. ज्या मुलाला पस्तीस गुण पडतात त्याला आठ दिवसांत नव्वद आणायला सांगितले, तर दोनच गोष्टी होतात : तो कॉपी करतो, किंवा शाळा सोडतो. दोन्ही वेळा पोराला शिक्षा होते; प्रश्नपत्रिका काढणारा मोकळा राहतो.

मग खरी प्रश्नपत्रिका कशी असावी? त्यासाठी झटपट उतरते ते नेमके काय, हे पाहिले पाहिजे. शरीर पिष्टाचा थोडा साठा, सुमारे अर्धा किलो, यकृतात आणि स्नायूंत ठेवते आणि त्याबरोबर त्याच्या तिप्पट पाणी धरून ठेवते. जेवण एकदम तोडले की आधी हा साठा जातो. पहिल्या आठवड्यात काटा दीड-दोन किलोंनी खाली येतो तो बहुतांशी या पाण्यामुळे. आणि याच आठवड्याच्या जोरावर जाहिराती लिहिल्या जातात. पाण्याचे वजन किती फसवे असते याचा दाखला कुस्तीगिरांपाशी आहे. ७ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीतून १०० ग्रॅमांसाठी बाद झाली. रात्रभर घाम गाळून, केस कापूनही ते उतरले नाहीत. चरबीचा हिशोब याहून संथ आहे. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. रोज पाचशे कॅलरी कमी खाल्ल्या तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास उतरणार, आणि पुढेपुढे त्याहून कमी. कारण शरीरही काटकसर शिकते. त्याहून घाई केली की चरबीबरोबर स्नायू अधिक जातात आणि पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

काटकसर शरीर किती काळ विसरत नाही, हे अमेरिकेतल्या 'बिगेस्ट लूझर' या दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धेने दाखविले. तिच्या चौदा स्पर्धकांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. तीस आठवड्यांत त्यांनी सरासरी ५८ किलो उतरविले होते. सहा वर्षांनी त्यांतले ४१ किलो परत आले होते, आणि विश्रांतीच्या वेळचा त्यांचा कॅलरींचा खर्च अपेक्षेपेक्षा रोज सुमारे पाचशेने कमीच राहिला होता. पडद्यावर टाळ्या वाजल्या त्या दुसऱ्या अंकाला. चौथा अंक कोणी दाखविलाच नाही.

तथापि केवळ वेगालाच दोष देऊन टीकाकाराला सुटता येणार नाही. २०१७ साली ब्रिटनमध्ये जाहीर झालेल्या 'डायरेक्ट' नावाच्या प्रयोगात मधुमेह्यांना तीन ते पाच महिने रोज जेमतेम साडेआठशे कॅलरींच्या पेयांवर ठेवले होते. वर्षाअखेर जवळजवळ निम्म्यांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात होता. पंधरा किलोंहून अधिक उतरलेल्यांत तर बहुतेकांचा. हा वेग चांगलाच होता. पण तो दवाखान्याच्या देखरेखीखाली होता, रुग्ण निवडून घेतले होते, त्यांची औषधे सांभाळली जात होती, आणि मुख्य म्हणजे त्यानंतर जेवण पुन्हा कसे सुरू करायचे व वजन कसे राखायचे याचा महिनोन्‌महिन्यांचा भाग योजनेतच लिहिलेला होता. म्हणजे नुसता वेग घात करीत नाही. पुढचा भागच न लिहिलेला वेग घात करतो. घाईच करायची असेल तर ती डॉक्टरापुढे करावी, एकट्याने स्टॉलवरचे पुस्तक घेऊन नव्हे. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने तर मुळीच नव्हे. जेवण तोडले आणि औषध तेच ठेवले तर रक्तातली साखर धोक्याइतकी खाली जाते.

आणि ध्येय तरी कुणाचे? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपले आणि आपल्या इंग्रज सहकाऱ्याचे, युडकिन यांचे, छायाचित्र शेजारी-शेजारी छापले. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचेही अगदी सारखे, २२.३. पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१. म्हणजे म्हातारीला जो वाळलेला वाटतो, तोही आतून लठ्ठ असू शकतो. म्हणून भारतीयांसाठी हे गुणोत्तर २३च्या वर गेले की जास्त वजन धरतात, आणि पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर, स्त्रीची ८० ही सीमा मानतात. गावात जे पुस्तक परक्याचा तक्ता छापते, ते निम्म्या वाचकांना खोटा दिलासा देते. याच्या उलट बाजूही आहे. महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, हे २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने नोंदविले. लग्न ठरले म्हणून महिन्याभरात दहा किलो उतरवू पाहणारी मुलगी बहुधा याच निम्म्यांतली असते. तिच्यासाठी या वाङ्मयात एक ओळही नाही.

चांगल्या ध्येयाची नमुना प्रश्नपत्रिका मात्र केव्हाच निघाली आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रयोगात, ज्यांना मधुमेह होण्याचा संभव होता अशांना दोनच गोष्टी सांगितल्या : वजनाचा सात टक्के भाग उतरवा, आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चाला. २००२ साली निकाल आला. सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले होते. सात टक्के! ब्याण्णव किलोंच्या माणसाला साडेसहा किलो. जाहिरातीत हा आकडा कोणी छापणार नाही. चेन्नईच्या प्रयोगाचा निकाल २००६ सालचा. त्यात तर वजन जवळजवळ हललेच नाही, तरी आहार आणि चालणे सुधारल्याने मधुमेहाचे प्रमाण चौथ्या हिश्श्याहून अधिक घटले. काटा स्थिर असतानाही माणूस बरा होत असतो, हे सांगणारे पुस्तक मला अजून वाचायला मिळालेले नाही.

हे का लिहिले जात नाही, याचे कारण कादंबरीकार म्हणून मला ओळखीचे आहे. नायक-नायिकेचे लग्न लावले की पुस्तक संपविता येते. त्यानंतरचा संसार लिहायचा तर अंगात वेगळा दम लागतो. वजन उतरविण्याचे वाङ्मय अजून लग्नापाशीच थांबले आहे. उतरलेले वजन घेऊन पंगतीत कसे बसावे, रात्रपाळीत भूक कशी ओळखावी, चार किलो परत आले तर ते पाप न मानता पुन्हा कोठून सुरुवात करावी, हा संसार लिहायचा राहिला आहे. एकादशी, दुप्पट खाशी, असे आपल्या लोकांनी कधीच म्हणून ठेवले आहे. उपासाच्या नावाखाली माणूस उलट दुप्पटच खातो, हे त्या तीन शब्दांत आहे. जाडजूड पुस्तकांत नाही.

शिमग्याच्या त्या रात्री विद्यार्थी माझ्या पडवीत बसला. पालखी पुढच्या वाडीत गेली होती. तो म्हणाला, "गुरुजी, मग आता किती किलो लिहू?" मी त्याला आधी डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून यायला सांगितले. मग वहीचे पान मागितले आणि दोन रकाने आखले. पहिल्यात, येत्या गणपतीपर्यंत पाच किलो कमी. तो हसला, तीन महिन्यांत अकरा उतरविणाऱ्याला सहा महिन्यांत पाच म्हणजे चेष्टाच वाटली असावी. "आणि दुसऱ्या रकान्यात?" त्याने विचारले.

"त्याच्या पुढचा गणपती," मी म्हटले. "तेच पाच."

तो बराच वेळ त्या रकान्याकडे पाहत होता. मग म्हणाला, "हा पेपर कठीण आहे, गुरुजी."

कठीण आहेच. पण तो निदान प्रामाणिक आहे, आणि त्यात नापास झालेल्याला पुन्हा बसता येते.