काँगच्या जिवाची किंमत

पीटर जॅक्सनच्या ‘किंग काँग’ सिनेमावर मिशेल आन्सेलने केलेला २००५चा गेम मला आवडतो, तो त्याच्या रिकाम्या स्क्रीनमुळे. कोपऱ्यात ना हेल्थबार, ना गोळ्यांचा आकडा. किती गोळ्या उरल्या, ते जॅक तोंडाने सांगतो. जखम झाली की स्क्रीन लाल होतो. हिशेब समोर नसतो, म्हणून स्कल आयलंडवरची भीती खरी वाटते. काँग होऊन खेळताना उरते ती फक्त ॲनला वाचवायची धडपड. शेवटी तो एम्पायर स्टेटवरून कोसळतो. पण २,५०,००० गुण जमवले, की त्याला वाचवता येईल असा दुसरा शेवट उघडतो. इथे मला गेम खटकतो. ज्याने आकडे पुसून आपल्याला घाबरवलं, त्यानेच काँगच्या जिवाला आकडा लावला. त्यापेक्षा कोसळणारा काँग मला जवळचा वाटतो.