युगानुयुग : एका शब्दाचे सोयरे

मराठी बायबल वाचताना 'युगानुयुग' हा शब्द भेटला, की पुराणे ऐकत वाढलेला वाचक थबकतो. अरे, हा तर आपल्याच घरातला!

नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये या जागी 'आयोन' आहे, तोही दुहेरी : 'आयोनांचे आयोन'. त्या घडणीला 'युगानुयुग' चपखल बसतो. पण अर्थाला? आपले युग मोजलेले आहे. कलियुग ४,३२,००० वर्षांचे, चार युगांची फेरी ४३,२०,००० वर्षांची, अशा १,००० फेऱ्यांचा एक कल्प. लक्ष्मीपूजनाच्या संकल्पात भटजी श्वेतवाराह कल्प आणि अठ्ठाविसावे कलियुग उच्चारतात, तो या हिशेबातला आपला पत्ताच! ख्रिस्ती काळ अशा फेऱ्या घालीत नाही. तो एकदाच आरंभतो. मग ही उसनवारी चुकीची नव्हे काय?

मला तसे वाटत नाही. युग हा शब्द मुळात वर्षांचा नव्हेच. 'युज्' म्हणजे जोडणे, आणि युग म्हणजे बैलांच्या मानेवरचे जू. आपले 'जू' हे त्याच शब्दाचे झिजलेले रूप. (ट्रॅक्टरच्या दिवसांत मुलांना जू दाखवावे तरी कुठे!) जोडी, मग पिढी, मग काळ, असा अर्थ वाढत गेला. तिकडे 'आयोन' आपल्या 'आयुस्'चा दूरचा भाऊ. होमरच्या काव्यात तो माणसाच्या आयुष्यापुरताच असे. दोन्ही शब्द माणसाच्या अंगणातूनच अनंताकडे निघाले.

वसईच्या गिरीज गावातील जीवन दर्शन केंद्राशी ज्यांचे नाव जोडले गेले, त्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' (२०१०) सिद्ध केले. २०१३ साली त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. 'सुबोध' हे विशेषण ग्रंथाच्या नावातच घालून त्यांनी बाजू निवडली : वाचकाच्या कानाची. ख्रिस्ती घरांतही जिथे पिढ्यान्‌पिढ्या मराठीच्या बोली नांदतात, त्या वसईत ही निवड मला स्वाभाविक वाटते.

खटकतो तो जुन्या मराठी बायबलातला 'सार्वकालिक'. 'सार्वकालिक जीवन' म्हटले की कचेरीतले कलम वाचल्यासारखे वाटते. त्यात ना जू, ना आयुष्य. विठोबा अठ्ठावीस युगे विटेवर उभा आहे, हे वारकऱ्याला वर्षे न मोजता पटते. त्याच्या जागी 'सार्वकालिक उभा' म्हणून पाहा!